दोनशे ऐंशी कप्प्यांचं बाभळीचं कपाट

मी एक जुनं, बाभळीचं, पुस्तकांचं कपाट आहे. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो, मित्रांनो. एरवी माझं आणि तुमचं जमेल असं मला वाटत नाही. जवळ आलात तर बोटात कुसळ जाईल. आधी सांगितलं नाही असं मग म्हणू नका.

माणूस मला पहिल्यापासून आवडत नाही. इंदापूरच्या अलीकडे एका बांधावर मी चाळीस वर्षं उभा होतो. ट्रॅक्टरची टायरं मी काट्यांनी किती बसवली त्याचा हिशेब नाही. माझा एक काटा एसटीच्या चाकात शिरला, मोरगावला गेला, गणपतीचं दर्शन घेतलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आला. खोटं वाटत असेल तर कंडक्टरला विचारा.

अशा मला वसंतरावांनी तोडलं. लोणी देवकरच्या एका कारखान्यात ते सत्तावीस वर्षं फिटर होते. निवृत्त झाले आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी सुतारकामाचा घाट घातला. शर्टाच्या खिशात पेन असावं तसं त्यांच्या खिशात व्हर्निअर असे, केसाची जाडी मोजायचं पोलादी माप. लाकूड म्हणजे मऊ लोखंड, अशी त्यांची ठाम समजूत होती.

बाभळीचं ओलं लाकूड तसंच वापरलं तर भुंगा लागतो, म्हणून ते वर्षभर पाण्यात बुडवतात. मला भिगवणजवळ उजनीच्या पाण्यात साखळीनं बांधून टाकलं. चिलापी माशांनी मला चावून पाहिलं. पुढे वर्षभर भिगवणच्या हॉटेलांत बिनदाताच्या चिलापी मिळत होत्या. मी बाहेर आलो तो आधीपेक्षा टणक आणि आधीपेक्षा चिडलेला.

बाहेर येऊन पाहतो तर घरात माझ्याहून मोठं भांडण पेटलेलं. वसंतरावांच्या मुलाचं, पुष्करचं, लग्न झालं होतं. सून दीप्ती बारामतीची, शाळेत शिक्षिका. तिनं येताना तीनशे बारा पुस्तकं आणली. ती खोक्यांत, खोकी पलंगाखाली, जिन्यावर आणि देवघराच्या दारात. घरातले तिला दीप्तीच म्हणत, फक्त सासरे "मास्तरीणबाई" म्हणत, तेही भिंतीकडे बघून.

"हितं माणसाला पाय ठेवाय जागा न्हाय," वसंतराव जेवताना म्हणाले. "रद्दीवाल्याला बोलवा."

"तुमची शेड भरून लोखंड आहे, ते आधी काढा अप्पा," दीप्ती म्हणाली. "मग माझी पुस्तकं काढू."

पुष्कर उठला आणि शर्ट घालायला लागला. घरात भांडण लागलं की त्याला बरोबर डबल ड्यूटी लागायची.

शेवटी वसंतरावांनी पैज घातली. "मी कपाट करतो. त्यात मावतील ती ऱ्हातील. उरलेली रद्दीत."

"आणि सगळी मावली तर?"

"तर जन्मात तुझ्या पुस्तकांबद्दल तोंड उघडणार न्हाय."

"आई, ऐकलंत ना?" दीप्तीनं सासूला विचारलं. पद्माबाई भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "ऐकलं. तेवढं एकदा तोंड मिटलं तर मी मोरगावला चालत जाईन."

मग सुरू झाला माझा छळ. उन्हाळ्यात मला कापलं, रंधलं. मीही गप्प बसलो नाही. तीन करवती बोथट केल्या आणि त्यांचा अंगठा दोनदा फोडला. पण वसंतराव हट्टी. त्यांनी प्रत्येक पुस्तकाची जाडी व्हर्निअरनं मोजली आणि ज्याच्या त्याच्या मापाचा स्वतंत्र कप्पा केला. दोन कप्प्यांच्या मध्ये नुसती पातळ पट्टी नव्हे, चांगली सहा मिलिमीटर जाडीची उभी फळी. पुस्तक आणि फळी यांच्यात फट शून्य.

"बोट जाईल एवढी तरी जागा ठेवा," पद्माबाई म्हणाल्या.

"फटी सुताराच्या कामात असत्यात. फिटरच्या न्हाय."

दोनशे ऐंशी कप्पे झाले आणि त्यांनी जाहीर केलं की लाकूड संपलं. शेडच्या मागे माझीच एक अख्खी फळी ताडपत्रीखाली झाकलेली होती. ते मला माहीत होतं, त्यांनाही होतं. बत्तीस पुस्तकं मुद्दाम उरवली होती.

पण मापं घेताघेता एक घोटाळा झाला. एका पुस्तकाचा मागचा पुठ्ठा निघालेला होता. पानं धरून जाडी घ्यावी म्हणून त्यांनी ते उघडलं. रहस्यकथा होती. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एका कारकुनाचा खून होतो, आणि काट्यावर मेलेल्या माणसाचं वजन दोन माणसांचं भरतं. वसंतराव उभ्यानं वाचायला लागले. मग पिंपावर बसून. रोज दुपारी शेडमधून करवतीचा आवाज बंद असे आणि घरच्यांना वाटे, अप्पा माप घेतायत.

जुलैत मला घरात आणून पॉलिश केलं. हवा दमट, पॉलिश वाळेना. रद्दीवाला गुरुवारी येणार होता, म्हणून सोमवारीच पुस्तकं भरायला काढली. उन्हाळ्यात मोजलेले कप्पे, आणि मी तर दमट हवेनं फुगलेलो. पुस्तकं जाईनात. वसंतरावांनी लाकडी हातोडा घेतला आणि एकेक पुस्तक ठोकून आत बसवलं. दीप्ती पदर तोंडाला लावून बघत होती. ती रडत नव्हती. दात आवळत होती.

रहस्यकथेची शेवटची अठरा पानं वाचायची राहिली होती. दीप्ती जवळ येतेय असं पाहून वसंतरावांनी ते पुस्तक घाईघाईनं माझ्या शेवटच्या कप्प्यात उलटं कोंबलं, बिनपुठ्ठ्याची बाजू उजव्या फळीला लागून, ओल्या पॉलिशवर. घरात कुणी नसताना काढू, असा बेत.

बुधवारी दुपारी घर रिकामं झालं. वसंतरावांनी पुस्तक ओढलं. निघेना. पक्कड लावली. निघेना. पाय माझ्या पोटाला लावून ताणलं. मी मनात म्हटलं, चाळीस वर्षांच्या बांधावरून तोडलंस ना, आता ओढ.

तेवढ्यात शाळा लवकर सुटून दीप्ती आली. दारातच थांबली.

"काय काढताय अप्पा?"

"काय न्हाय. फिटिंग बघतोय."

तिनं पक्कड बघितली, पुस्तक बघितलं, आणि तिला सगळं कळलं. "मावतील ती राहतील, एवढंच ठरलं होतं," ती म्हणाली. "काढायचं काही ठरलं नव्हतं."

वसंतरावांनी घाम पुसला. "त्या कारकुनाला कुणी मारलं?"

"वाचा की."

"तू सांग."

"मी दोन दिवस एक पुस्तक उघडू शकले नाही. तुम्ही अठरा पानांसाठी पाय लावताय." ती आत गेली आणि तिनं चहा केला. एकटीपुरता.

वसंतराव शेडमध्ये गेले आणि करवत घेऊन आले. सत्तावीस वर्षांत ज्याच्या कामात फट सापडली नाही त्या माणसानं स्वतःच्या हातानं माझ्या उभ्या फळ्या कापायला घेतल्या. शेवटच्या कप्प्यापासून सुरू केलं, पण करवत एकदा चालली की थांबायचं त्यांना ठाऊक नव्हतं. तिन्हीसांजेपर्यंत दोनशे ऐंशी कप्प्यांचे नऊ लांब खण झाले. पुस्तकं मोकळी झाली, आणि इतक्या फळ्या निघाल्यामुळे प्रत्येक खणात वीतभर जागा उरली.

पद्माबाई आणि पुष्कर परत आले तेव्हा दीप्ती खोकं घेऊन माझ्यासमोर बसली होती. बत्तीसच्या बत्तीस पुस्तकं आत गेली. वर प्रत्येक खणात बोट घालायला जागा राहिली, ती तिनं बोट घालून सासऱ्यांना दाखवली.

"आई, मोरगावला कधी निघताय?" तिनं विचारलं.

वसंतराव मात्र कोपऱ्यात रहस्यकथा वाचत होते. सतरा पानं झाली. अठरावं नव्हतं. ते पॉलिशला चिकटून माझ्या उजव्या फळीवर राहिलं होतं, खुनी सांगणारी बाजू लाकडाकडे. त्यांनी नखानं खरवडलं. मी कुसळ दिलं.

मग ते उठले आणि सुनेकडे आले. "शेवटी..."

"अप्पा," दीप्ती म्हणाली, "पुस्तकांबद्दल तोंड उघडायचं नाही असं ठरलंय."

त्याला आता तीन वर्षं झाली. त्यांनी तोंड उघडलेलं नाही. रोज दुपारी येतात, भिंगातून त्या पानापलीकडचं काही दिसतं का ते बघतात आणि जातात. रद्दीवाला दारावरून जातो तेव्हा दोघंही त्याच्याकडे बघत नाहीत.

तर मित्रांनो, लाकडाच्या वस्तू सांभाळा. मला कोरड्या फडक्यानं पुसा, पाणी लावू नका, भिंतीला चिकटवून ठेवू नका. पॉलिश नीट वाळू द्या. आणि पुस्तकं ठेवताना बोट जाईल एवढी जागा सोडा. त्या कारकुनाला कुणी मारलं ते पान माझ्याजवळ आहे, मी ते रोज वाचतो, आणि हातोडा घेऊन येणाऱ्याला मी ते दाखवत नाही.