मागची सीट

काटा पन्नासच्या पुढे गेला की त्या गाडीची मागची सीट लांब व्हायची. गाडी भाड्याने देणाऱ्या बाबरांनी किल्ली हातात ठेवतानाच हे सांगितलं होतं. "पिकप झकास हाय, वळणावर जागची हलत न्हाई. फक्त मागं माणूस बसवू नका. लांबलेली सीट परत आखडत न्हाई."

पण लग्नसराईत कऱ्हाडात दुसरी गाडी मिळेना, आणि पोफळीहून मामींचा फोन येऊन गेला होता. सदूमामांचा जीव बहिणीला बघण्यासाठी अडकलाय, दुपार निघेलसं वाटत नाही. यशोधनने आईसाठी पुढचं दार उघडलं. "पुढं बसलं की रस्ता अंगावर येतो रे," म्हणत ती संत्र्यांची पिशवी घेऊन मागे जाऊन बसली. आईपुढे कुणाचं चाललंय!

गाडी चिमुकली, पण खुमखुमी पैलवानाची. पाय लागायचा अवकाश, की मुसंडी मारायची. पाटणपर्यंत त्याने ती मन मारून हळू हाकली. आई मागून सोललेली फोड पुढे करायची आणि तो खायचा. मग पुन्हा फोन वाजला.

"यशोधन, नुसते दाराकडे बघतायत. कुठवर आलात?" मामी रडत होत्या.

त्याने काटा सत्तरवर नेला. पुढची फोड त्याच्या खांद्यापर्यंत पोचली नाही.

"आई, पुढे सरक ना."

"सरकतेय की. तू चालव. सदू थांबलाय."

हळू जावं तर मामा जाणार, जोरात जावं तर आई. इकडे आड, तिकडे विहीर. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, गाडी चालवायला मजा येत होती. कुंभार्ली घाटातली वळणं ती लोण्यासारखी कापत गेली. आरशात आई आधी बाहुलीएवढी दिसली, मग तिळाएवढी. तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. तो ढसाढसा रडत होता आणि गिअर बदलत होता.

मामा ओसरीवर खाटेवर बसले होते.

"अक्का कुठाय?"

"मागे आहे."

यशोधनने मागचं दार उघडलं. लाल शिलाईची सीट आत नजर पोचेल तिथवर गेली होती. मधेमधे फोडी पडल्या होत्या. मामांनी कष्टाने उठून पायात चपला सरकवल्या.

"थांब, घेऊन येतो तिला," ते म्हणाले, आणि वाकून आत चालू लागले. पहिली फोड त्यांनी उचलून धोतराला पुसली. त्यांना अडवायला यशोधनची जीभ रेटेना.

मामी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"दमून येतील दोघं," त्या म्हणाल्या, आणि तांब्या सीटच्या कडेला ठेवला.

गाडी बंद होती. किल्ली यशोधनच्या मुठीत होती. तांब्या, पाणी न हिंदकळता, हळूहळू आत जाऊ लागला.