विहिरीत काळा पडलेला खण

केंदूरच्या रखमाजी आबांच्या विहिरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. बायका कठड्याला टेकलेल्या, पोरं बाभळीवर चढलेली, बाकी सगळे मांडवातल्या मोठ्या टीव्हीकडे डोळे लावून. पाणी हिरवं का झालं ते सांगायला आलेले पाणदेव महाराज, बोअरमध्ये सोडतात तसला वायरचा कॅमेरा विहिरीत सोडत होते. त्याच्या पुढ्यात दोन फडकी बांधलेली: एक बिरदेवाच्या भंडाऱ्यानं माखलेलं पिवळं, दुसरं सुनेच्या ओटीतला लाल खण.

"देवाचं पिवळं कवा बी टिकतं," महाराज डुलत म्हणाले. "सुनेचा लाल टिकला तर सून लक्षुमी. काळा पडला तर समजून जावा."

मघाशी शेजारच्या मायाचा खण लालभडक दिसला होता. आता आबांच्या सुनेचा, साधनाचा, खाली गेला आणि काळाठिक्कर पडला. शेजारचं पिवळं तसंच ठळक.

"व्हय, ही आल्यापासनंच पाणी हिरवं झालंय," मागून कुणीतरी म्हणालं.

आबा मुलाकडे वळले. "गोकुळ, जीप काढ. हिला माहेरी सोड. परत आणायची न्हाई."

गोकुळ खिशात किल्ली चाचपू लागला. वा रे नवरा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आसमीन, शिरूरला माझा फोटो स्टुडिओ आहे आणि या दोघांच्या लग्नाचे फोटो मीच काढलेत. हल्लीच्या जोडप्यांना पाण्याखाली फोटो हवे असतात, तेही काढते. लाल शालू खोल पाण्यात चॉकलेटी येतो हे मी दर वेळी बघते. पण मग मायाचा लाल कसा टिकला? मला एका जागी उभं राहवेना.

"मायाचं रेकॉर्डिंग परत लावा," मी म्हणाले.

लावलं. तिच्या चित्रात पाण्यातले कण चाळलेल्या पिठासारखे चमकत होते. साधनाच्या चित्रात एकही नाही. कण असे चमकतात ते कॅमेऱ्याजवळ दिवा असला तरच. महाराजांचा उजवा हात शेल्याखाली कॅमेऱ्याच्या डब्यावर होता.

"महाराज, हात बाहेर काढा."

"मंत्र चालू हाय."

"मंत्राला बटण लागतं?"

मी शेला उचलला. डब्यावर दिव्याचं बटण निघालं. तरी लोकांचा विश्वास बसेना. म्हटलं, महाराजांचाच लाल शेला सोडू, तर म्हणे तो सोवळ्यातला आहे. आबा वैतागले, डोक्यावरचं लाल मुंडासं काढून पुढे केलं. "माझं सोडा. सात पिढ्या बिरदेवाची सेवा केलीय आमी."

मुंडासं खणाशेजारी बांधून खाली सोडलं. पाण्यात जाताना लाल, मग तपकिरी, मग खणाइतकंच काळं. मी बटण फिरवलं. कण चमकले आणि खण, मुंडासं, दोन्ही लालभडक झाले.

"आबा, उन्हात सगळे रंग असतात," मी म्हणाले. "पाणी लाल लवकर गिळतं. तुमच्या पाण्यात शेवाळ, ते निळाही खातं. तळाकडे हिरवा-पिवळा उजेड तेवढा पोचतो. म्हणून भंडारा दिसतो आणि लाल काळं पडतं. दिवा अगदी जवळ असला की उजेडाला फार पाणी ओलांडावं लागत नाही, म्हणून लाल दिसतं. आणि पाणी हिरवं सुनेनं नाही केलं. तो बघा वर तुमचा खताचा ढीग. तो विहिरीत पाझरतोय, त्यावर शेवाळ माजलंय."

महाराज तोवर गाडीकडे सटकले होते. बाभळीवरची पोरं उतरून गाडीपुढे बसली आणि मी पोलिसांना फोन लावला.

आबा बोडक्या डोक्यानं सुनेपुढे आले. "चल पोरी, घरात. चुकलं आमचं."

साधना जागची हलली नाही. "येते आबा. पण एक सांगा. मघाशी तुमचं मुंडासं काळं पडलं, तवा तुमाला कुणी जीपमधी बसवलं का?"

आबांनी मान खाली घातली.

मंडळी, पाण्यात फडकं काळं दिसलं तर पाणी तपासा, उजेड तपासा, बटण कुणाच्या हातात आहे ते बघा. सुनेला पारखायचं असेल तर तिच्याशी चार शब्द बोला. आणि तरीही फडक्यानंच पारखायचं असेल, तर आधी आपलं मुंडासं सोडून बघा.