चुकांची वही

“जपून ने हं, ध्रुव. एकतीस वर्षांच्या चुका आहेत त्यात,” वही पुढे करत राजलक्ष्मीबाई म्हणाल्या.

“मॅडम, आम्हाला चुकाच हव्यात. स्कॅन करून परवा परत देतो,” पुण्याहून या कानडी मुलखात नोकरीसाठी आलेला ध्रुव हसला.

राजाजीनगरच्या सरकारी शाळेत बाई तिसरीला गणित शिकवत. मूल चुकलं की त्या रागवत नसत. शेजारी बसून ‘कसं केलंस?’ विचारत आणि वहीत तीन रकाने भरत: नाव, उत्तर, कसं केलं. सहशिक्षिका चिडवायच्या, की अक्का या चुकांचं लोणचं घालणार बहुतेक. मग ध्रुवच्या कंपनीने एका बड्या उद्योगसमूहाबरोबर प्राथमिक शाळांसाठी गणित-विज्ञानाचं सॉफ्टवेअर करायला घेतलं, आणि त्या वहीला पहिल्यांदाच कुणी विचारलं. बाई हरखून गेल्या. एप्रिलअखेर त्या निवृत्त व्हायच्या होत्या. आपल्यामागे निदान यंत्र तरी पोरांना ‘कसं केलंस?’ विचारेल, एवढीच त्यांची आस होती.

फेब्रुवारीत टॅबलेट आले. उद्योगसमूहाचे साहेब आले, हारतुरे झाले. पहिला मान बाईंच्या वर्गातल्या भूमिकेला मिळाला. बेचाळीस वजा सतरा किती? खाली चार उत्तरं. त्यात पस्तीस बघून बाईंना जुनं माणूस भेटल्यासारखं झालं. वहीच्या पहिल्या पानावरच्या देवाप्पाचं उत्तर होतं ते.

भूमिकेने नेमकं पस्तीसवर बोट ठेवलं. टॅबलेट कर्कश वाजला, लाल फुली आली आणि लगेच पुढचा प्रश्न.

“कसं केलंस, ते विचारत नाही रे हे?”

“नाही मॅडम,” ध्रुवचा आवाज खाली गेला. “मी सजेस्ट केलं होतं. पण पार्टनरला फक्त स्कोअर हवेत. ऑप्शन्स टफ हवे होते, तुमच्या वहीतले परफेक्ट बसले. मुलं त्यातच फसतात.”

पोरांनी विश्वासाने सांगितलेल्या चुका त्यांनी आपल्या हाताने पोरांनाच फसवायला दिल्या होत्या.

त्या स्टूल ओढून भूमिकेशेजारी बसल्या. “कसं केलंस गं?”

“दोनातनं सात जात नाही, टीचर. म्हणून सातातनं दोन काढले.”

“सरी, ठीक आहे. आता स्वल्प थांब. दहा-दहा बिस्किटांचे चार पुडे आहेत आणि दोन सुटी. मला सतरा दे बघू.”

भूमिका विचारात पडली. पडद्यावर प्रश्न येत होते, वेळ संपून फुल्या पडत होत्या. साहेब घड्याळ बघत होते.

“मॅडम, तिचा स्कोअर जातोय,” ध्रुव कळवळून म्हणाला.

“जाऊ दे.”

“एक पुडा फोडायचा!” भूमिका ओरडली. “पंचवीस उरतात, टीचर!”

बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग पिशवीतून वही काढून भूमिकेचं नाव घातलं, पुढे पस्तीस, पुढे तिने सांगितलेलं कारण. त्याखालच्या ओळीवर, एकतीस वर्षांत पहिल्यांदाच, स्वतःचं नाव लिहिलं. उत्तराच्या रकान्यात लिहिलं, ‘वही दिली.’ शेवटच्या, ‘कसं केलं’ या रकान्यापाशी पेन जरा थांबलं.

‘वाटलं, विचारतील.’