सात वेळा बिनविरोध

अल्विन बर्डेट सात वेळा निवडून आला होता आणि आजवर त्याला एकही मत पडलं नव्हतं.

यात लबाडी काही नव्हती. जिल्हा कौन्सिलवर विदरस्टन वॉर्डाची एकच जागा, आणि १९९१ सालापासून तिच्यासाठी अल्विनशिवाय कुणी अर्जच भरला नाही. एकच अर्ज आला की मतदान होत नाही. चर्चच्या फाटकावर 'बिनविरोध' असा एक कागद लागतो, चार दिवस पावसात भिजतो आणि गळून पडतो. अल्विनच्या आधी मेजर स्ट्रिकलंड होते, तेही बहुतेक असेच. खरी लढत झाली होती १९७९ साली, मेजर आणि डुकरं पाळणारा एक बिल्सन यांच्यात. बसथांबा विहिरीपाशी असावा की चर्चपाशी, एवढ्यावरून. त्या निवडणुकीत बोलणं तुटलेली दोन घरं अजून एकमेकांकडे पाहत नाहीत, आणि बसही बंद होऊन वीस वर्षं झाली.

अल्विनची बायको मॉरीन दर चार वर्षांनी तो कागद वाचून यायची आणि बूट काढता काढता म्हणायची, "तुला काही निवडून दिलेलं नाही हं. दुसरा कुणी मिळाला नाही म्हणून ठेवलाय." मग दोघं हसायचे. चेष्टाच होती ती. पण दोन वर्षांपूर्वी मॉरीन गेली, चेष्टा करणारं माणूस उरलं नाही आणि तेवढं वाक्य घरात राहिलं. चेष्टा करणारं माणूस गेलं की चेष्टा खरी वाटायला लागते. अल्विन उकडलेलं अंडं मोरीपाशी उभ्यानेच खायचा, कारण एका बशीसाठी टेबल मांडायचं त्याच्या जिवावर यायचं, आणि खाता खाता त्याला वाटायचं, खरंच, कुणी मला निवडलं असतं का?

वय चौऱ्याहत्तर. त्यात २०१९ ची ही निवडणूक विदरस्टनची शेवटचीच होती. पुढच्या खेपेपासून वॉर्ड मोडून शेजारच्या बाजाराच्या गावात मिसळायचा, असा हुकूम आला होता. म्हणजे कळायचं असेल तर आता, नाहीतर कधीच नाही.

तेव्हा मार्चमध्ये आमचा हा उमेदवार आपल्याविरुद्ध उमेदवार शोधायला बाहेर पडला.

आधी गेला पबमध्ये. मालक क्लेम हेसकेथ ग्लास पुसत होता.

"क्लेम, माझ्याविरुद्ध उभा राहतोस का?"

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" क्लेम म्हणाला. "मी निवडून आलो तर? गटारांसाठी लोक मला फोन करतील. त्यासाठी तू आहेस की."

"मी हरलो तरी चालेल रे."

"तुला चालेल. मला नाही चालणार जिंकलेलं."

पोस्टातल्या बाईंनी दम्याचं कारण सांगितलं. निवृत्त शाळामास्तर म्हणाले, "बायकोला विचारून सांगतो." तेव्हापासून ते अल्विनला पाहिलं की रस्ता बदलू लागले. शेवटी तो जुन्या पाद्रीघरापाशी गेला. तिथे दोन वर्षांपूर्वी लंडनहून रोवेना कटलर नावाच्या बाई राहायला आल्या होत्या. पन्नाशीच्या, चटपटीत, दर सभेत प्रश्न विचारणाऱ्या.

"म्हणजे तुमच्याविरुद्ध उभी राहा, असं तुम्हीच मला सांगताय?" रोवेनाबाई दारातच म्हणाल्या.

"हो."

"आणि मी जिंकले तर?"

"तर तुम्ही जिंकलात."

"मग मी जिंकायलाच उभी राहीन हं, मि. बर्डेट. शोभेला नाही." असं तोंडावर सांगणारी माणसं विदरस्टनमध्ये कमी. अल्विनला ते आवडलं.

अर्जावर वॉर्डातल्या दहा मतदारांच्या सह्या लागतात. बाईंना नऊच मिळाल्या. नव्या माणसाच्या कागदावर नाव घालायला आमचे लोक कचरतात. दहावी सही अल्विननेच ठोकली. दुसऱ्या दिवशी कौन्सिलच्या कचेरीतून फोन आला. "मि. बर्डेट, विरोधी उमेदवाराच्या अर्जावर तुमची सही दिसतेय. चुकून झाली का?"

"चुकून कशी होईल? चष्मा लावून केलीय."

गावात आठवडाभर हाच विषय. म्हाताऱ्याला एकटेपणा चढलाय, असं क्लेम म्हणाला, आणि त्याचं फारसं चुकत नव्हतं.

मग अल्विन अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच मतं मागायला निघाला. तक्रारी ऐकायला दारं ठोठावण्याची सवय होती, मागायला नव्हती. प्रत्येक दारात तो उगाच पायपुसण्यावर बूट घासत उभा राहायचा. लोक प्रेमाने बोलायचे, हवेबद्दल बोलायचे आणि मताचं नाव काढायचे नाहीत. आपल्याकडे मत कुणाला ते विचारणं म्हणजे अंतर्वस्त्रांची चौकशी करण्यासारखं. तो विचारायचा नाही, ते सांगायचे नाहीत.

गिरणीच्या गल्लीत डोरकस पिम राहायच्या. ऐंशी उलटलेल्या, पाखरासारख्या बारीक. नवरा हॅरल्ड अंथरुणाला खिळला होता तेव्हा सात महिने दर मंगळवारी अल्विन त्याच्याजवळ जाऊन बसायचा, म्हणजे डोरकसबाईंना तालुक्याला जाऊन सामान आणता यायचं. हॅरल्डला बोलता येत नसे. अल्विन त्याला मेंढ्यांच्या बाजाराचे भाव वाचून दाखवायचा. हॅरल्ड गेला, मंगळवार संपले, आणि नंतर दोघांची गाठ पडायची ती दुकानात, पावाच्या फळीपाशी, मान हलवण्यापुरती.

"मला नाही हो जमायचं," डोरकसबाई म्हणाल्या. "मत द्यायचं काम हॅरल्डचं. मी बाहेर कुत्रा धरून उभी राहायची."

"सोपं आहे. ज्याला द्यायचंय त्याच्या नावापुढच्या चौकोनात फुली मारायची."

"बस? आणि खाली काही लिहायचं नाही?"

"काही नाही."

"फार तुटक वाटतं ते," डोरकसबाई म्हणाल्या. त्यांचंही खरं होतं. मुरंब्याची बरणी दिली तर तिसऱ्या दिवशी आभाराचं पत्र आलंच पाहिजे, आणि त्या पत्राबद्दल भेटल्यावर पुन्हा आभार, अशा रीतीत वाढलेली ती पिढी. नुसती फुली मारून निघून येणं त्यांना दार न लावता घराबाहेर पडण्यासारखं वाटलं असणार.

दोन मे, गुरुवार. गावच्या हॉलमध्ये मतदान. अल्विन सकाळी सातलाच जाऊन आला. स्वतःच्या नावापुढे फुली मारताना त्याला इतकी लाज वाटली की पेन्सिलीचं टोक मोडलं. मग दिवसभर तो घरातल्या खिडकीत बसला. तिथून हॉलचा रस्ता दिसतो. छत्र्या जात होत्या, छत्र्या येत होत्या. आपल्यासाठी लोक पावसात बाहेर पडलेत, की रोवेनाबाईंसाठी, ते छत्रीवरून कळत नाही. चहा त्याने चार वेळा केला आणि चारही वेळा सवयीने दोन कप काढले.

मतमोजणी शुक्रवारी सकाळी, तालुक्याच्या क्रीडासंकुलात, बॅडमिंटनच्या कोर्टावर. आत शिरताना गुप्ततेची सूचना हातात ठेवतात. इथे जे दिसेल, कुणाचं मत कुणाला ते कळलंच, तर बाहेर बोलायचं नाही, कायद्याने गुन्हा. अल्विनने ती दोनदा वाचली आणि घडी करून खिशात ठेवली.

टेबलावर कागद ओतले. मोजणाऱ्या बायका बोटांना थुंकी न लावता भराभरा गठ्ठे करत होत्या. आणि अल्विनने पाहिलं, आपल्या नावापुढे फुली. आणखी एक. आणखी. कुणाची जाड, कुणाची थरथरती. त्याने रुमाल काढून नाक शिंकरलं. मॉरीन, बघ गं, असं तो मनात म्हणाला आणि शेजारच्या पोलिसाला वाटलं की म्हाताऱ्याला सर्दी झाली.

पण गठ्ठ्यांना रबरं लागली, तसा त्याचा आनंद ओसरत गेला. गुप्त मतदान किती ते सांगतं, कोण ते सांगत नाही. उद्या दुकानात पावाच्या फळीपाशी भेटणाऱ्यांतलं कुणी आपलं होतं, कुणी नव्हतं, सगळे हवेबद्दलच बोलणार. घरी जाऊन मोरीपाशी अंडं खाताना कुणाचा चेहरा आठवायचा? आकड्याला चेहरा नसतो. एवढा आटापिटा करून शेवटी हाती एक आकडा येणार, हे त्याला आधी सुचलंच नव्हतं.

"उमेदवारांनी जरा इकडे यावं," निवडणूक अधिकारी मिस ओकेंडन म्हणाल्या. "चार मतपत्रिका शंकास्पद आहेत. रोवेना कटलर १८७, अल्विन बर्डेट १८६. तेव्हा नीट बघून घ्या."

रोवेनाबाई टेबलाजवळ सरकल्या.

पहिली कोरी होती. बाद. दुसरीवर दोन्ही नावांपुढे फुल्या होत्या. बाद. तिसरीवर कुणीतरी रस्त्यातल्या खड्ड्याचं बऱ्यापैकी चित्र काढलं होतं, खड्ड्यात बदकासकट. सगळे हसले. बाद.

चौथीवर अल्विनच्या नावापुढे, चौकोनाच्या अगदी मधोमध, नीटस फुली होती. आणि खाली बारीक तिरक्या अक्षरात:

'मंगळवारांबद्दल मनापासून आभार. नीट म्हणायचं राहून गेलं होतं. डी. पी.'

अल्विनने ते वाचलं, आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"मतदाराची ओळख पटेल असं काही लिहिलं असेल तर मत बाद करावं लागतं," मिस ओकेंडन म्हणाल्या. "पण ही नुसती दोन अक्षरं. कुणीही असू शकतं. मंगळवारचं तर मला काही कळतच नाही. माझा कल स्वीकारण्याकडे आहे. म्हणजे १८७-१८७, आणि मग चिठ्ठी टाकायची. मिसेस कटलर?"

रोवेनाबाईंनी वाकून कागद वाचला. "मला यावरून कुणी ओळखू येत नाही," त्या म्हणाल्या. बाई सरळ होत्या. "माझी हरकत नाही."

"मि. बर्डेट?"

करायचं काहीच नव्हतं. गप्प राहायचं. मान हलवायची. बरोबरी झाली असती, चिठ्ठी निघाली असती, कदाचित आठवी खेप, आणि ती खरीखुरी निवडून आलेली. पण त्यासाठी म्हणायला लागणार होतं की हे कुणीही असू शकतं. दोन वर्षांत कुणी त्याला कामाशिवाय एक ओळ लिहिली नव्हती. ही ओळ त्याची होती. सबंध हॉलमध्ये, सबंध जिल्ह्यात त्याला एकट्याला कळणारी. ती कुणा अनोळखी माणसाची आहे असं म्हणून रबरात गुंडाळून द्यायला त्याचं मन धजेना.

"मी ओळखतो," तो म्हणाला.

"नीट विचार करा, मि. बर्डेट."

"विचार काय करायचा? अक्षर ओळखतो. माणूस ओळखतो."

"नाव सांगू नका!" मिस ओकेंडन घाईने म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "तुमचंच मत जातंय हो."

"मला कळतं ते."

त्यांनी शिक्का उचलला. 'बाद' हा शिक्का जांभळ्या शाईचा असतो आणि जरा जास्तच जोरात बसतो. मंगळवार हा शब्द अर्धा झाकला गेला. अल्विनला वाटलं, विचारावं, हा कागद मला मिळेल का? पण त्याला माहीत होतं, मिळत नाही. पाकिटात बंद करतात, वर्षभर ठेवतात आणि नष्ट करतात.

एका मताने हरला. रोवेनाबाईंनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाल्या, "तुम्ही वेडे आहात." त्याला ते पटलं.

दुपारी परतताना त्याने गाडी गिरणीच्या गल्लीत वळवली. का, ते विचारू नये. डोरकसबाई फाटकापाशीच होत्या, चांगला कोट घालून. बातमी त्याच्या आधी पोचली होती. आमच्याकडे बातमीला गाडी लागत नाही.

"एका मताने म्हणे?"

"एका मताने."

"अरेरे." त्यांनी फाटकावरचं ओलं पान काढून टाकलं. मग मान वर न करता हळूच म्हणाल्या, "माझं होतं हं तुम्हाला. सांगू नये म्हणतात, पण होतं. फुली अगदी मधोमध मारली, तुम्ही सांगितली तशी. मोजलं ना त्यांनी?"

अल्विनच्या जिभेवर सगळं आलं होतं. मंगळवार, हॅरल्ड, मेंढ्यांचे भाव, आणि नीट म्हणायचं राहून गेलं होतं ते इतकं नीट पोचलं म्हणून. पण ते त्यांनी पडद्याआड, एका कागदाला सांगितलं होतं. आपण ते वाचल्याचं तो सांगू शकत नव्हता, आणि वाचल्याचं फळ काय झालं ते तर मुळीच नाही. त्यांच्या मनात काय आहे ते त्याला ठाऊक होतं आणि ते ठाऊक असणं घेऊन त्याला एकट्यालाच घरी जायचं होतं.

"मोजलं," तो म्हणाला.

"मग बाई बरं झालं मी गेले," डोरकसबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. "नाहीतर दोन मतांनी पडला असतात."