ऑपरेशनआधीचा दहीभात

मित्रांनो, मी एक जुनी ट्रॉली आहे. दवाखान्यात पेशंटला निजवून ऑपरेशनच्या खोलीत ढकलत नेतात ना, तीच मी. अंगाने लोखंडाची असले तरी मनाने फार भित्री आहे.

नागपूरच्या एका कारखान्यात नळ्या वाकवून मला घडवले आणि हिंगणघाटच्या एका लहानशा दवाखान्यात आणले. नव्याची नवलाई होती तोवर सिस्टर मला पुसून लखलखीत ठेवत. आता माझी गादी फाटली आहे, चाक कुरकुरते आणि तेल घालायची कोणाला आठवण होत नाही. त्याचे दुःख आहेच, पण भीती त्याहून मोठी. माझ्यावर निजलेल्या माणसाच्या छातीची धडधड माझ्या अंगात उतरते.

या हिवाळ्यात कैलास आला. जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गाठी उचलून उचलून त्याला हर्निया झाला होता. सोबत त्याची आई, तानाबाई. भूल देणाऱ्या डॉक्टर मैत्रेयी आदल्या दिवशी दोघांजवळ बसल्या. "ऑपरेशन छोटं असलं तरी धोका अजिबात नाही, असं नसतं," त्या म्हणाल्या. रक्त जास्त जाऊ शकते, जखम चिघळू शकते, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, एखाद्याला औषध सोसत नाही. हे सहसा घडत नाही, आणि घडलेच तर काय करायचे तेही त्यांनी समजावले. "आज मध्यरात्रीपासून काही खायचं-प्यायचं नाही. भुलीत पोटातलं वर येऊन श्वासाच्या नळीत जाऊ शकतं."

मायलेकांनी माना डोलावल्या. पण रक्ताचे नाव निघाल्यावर पुढचे त्यांच्या कानांत शिरलेच नसावे. घाबरलेल्या माणसाचे असेच होते.

दुसऱ्या दिवशी कैलासला माझ्यावर निजवून सिस्टर आत गेल्या. तानाबाईने पिशवीतून डबा काढला. "दही-साखर घेतल्याबिगर आपल्या घरचं कोणी मोठ्या कामाले निंगत नाई."

"आई, मॅडम नाई म्हणल्या ना?"

"शकुनाले काय होते? ते काय जेवण हाय?"

चमचाभर दही त्याच्या तोंडात गेले. लेकरू सकाळपासून उपाशी म्हणून तिचा जीव तुटला आणि मागोमाग डब्यातला दहीभातही गेला. मित्रांनो, ओरडावे तर मला तोंड नाही! मला ढकलू लागले तेव्हा चाक कुरकुरता येईल तितके कुरकुरले. "हिले तेल घाला रे कोणी," एवढेच लोक म्हणाले.

दारातच डॉक्टर मैत्रेयींनी विचारले, "काही खाल्लंत, प्यायलात का?"

"नाई," कैलास म्हणाला. आज परत फिरलो तर पुन्हा यायची हिंमत होणार नाही, असे त्याला वाटले.

डॉक्टर त्याच्याजवळ वाकल्या. "मी रागावणार नाही. पण पोटात अन्न असताना भूल दिली, तर जिवावर बेतू शकतं."

कैलासने पुन्हा नाही म्हणून मान हलवली. मला आत घेऊन दार लागू लागले. तानाबाईने माझा दांडा घट्ट धरला. "थांबा, मॅडम! म्या भरवलं त्याले. दहीभात भरवला. नका नेऊ माह्या लेकराले!"

ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेले. कैलास आधी आईवर चिडला, मग तिच्याच खांद्यावर डोके ठेवून रडला. "मले लय भेव लागून राह्यलं, आई."

"मलेबी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो खरोखरच उपाशी पोटी आत गेला. तानाबाई भिंतीला टेकून उभी होती. एक धोका टळला म्हणून बाकीचे पळून जात नाहीत, हे आता तिला कळले होते. मी त्याला बाहेर आणले तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते. तिने वाकून त्याच्या नाकाजवळ कान नेला आणि ऐकत राहिली. श्वास चालू होता.

मित्रांनो, माझ्यावर निजायची वेळ तुमच्यापैकी कोणावर न येवो. आलीच तर खुशाल घाबरा, रडा, देवाचे नाव घ्या. पण डॉक्टर विचारतील ते खरे सांगा, आणि समजले नाही तर पुन्हा विचारा. मी प्रत्येकाला जपून आत नेते. परत आणीन, असे वचन मात्र मला कोणालाच देता येत नाही.