पांढरा चुरा

सरांनी कार्बोरेटरची वाटी वर्तमानपत्रावर उपडी केली आणि बोटाने ठोकली. थेंबभर पेट्रोल पडलं आणि त्यामागून अभ्रकाच्या कपच्यांसारखा पांढरा चुरा.

"पेट्रोलमध्ये कचरा येतोय, सर," असं म्हणत फिटरने हा चुरा कितीदा तरी काढला होता. सरांनी पेट्रोल पंप बदलला, गाळणी बदलली, शेवटी फिटरवरचा भरवसाही उडाला आणि आज ते स्वतःच पाने-पक्कड घेऊन अंगणात बसले होते. चार दिवस उभी राहिली की स्कूटर रुसायची. किका मारून मारून त्यांच्या पोटऱ्या भरून यायच्या. वाचनालय नाही, मित्रमंडळी नाहीत. निवृत्त माणूस घरात नुसता कोंडला गेला होता.

पेट्रोल बोटांवरून उडून गेलं, बोटं गार पडली. चुरा तसाच राहिला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि त्यांचं डोकंच फिरलं. डांबरगोळ्या!

उभा जन्म रसायनशास्त्र शिकवण्यात गेलेला. पेट्रोल आणि नॅप्थलीन एकाच घराण्यातले, दोघांच्या घरात कार्बन आणि हायड्रोजन सोडून तिसऱ्याला थारा नाही. पण पेट्रोल म्हणजे नाना द्रवांचा गोतावळा, हवा लागली की पसार. नॅप्थलीन एकटं, दोन कड्या एकमेकींना चिकटवून बसलेलं, न वितळता सावकाश हवेत विरणारं. पाण्यात टाका, ढिम्म. पेट्रोलमध्ये टाका, मागमूस राहत नाही. पण पेट्रोल उडालं की पुन्हा पांढरं होऊन कार्बोरेटरच्या जेटच्या बारीक भोकात ठाण मांडतं. वर्गात ते हा प्रयोग काचेवर करून दाखवत. आदल्या संध्याकाळी त्याची तालीम स्वयंपाकघरात व्हायची आणि बायको भाजी निवडता निवडता सगळं ऐकून घ्यायची.

त्यांनी फिटरला फोन लावला.

"माझ्या टाकीत डांबरगोळ्या टाकल्यास तू?"

"काय सर, सकाळी सकाळी! गाडी जोरात पळते म्हणून टाकतात काही शहाणे. मी कशाला टाकू? आणि तुमच्या टाकीला तर कुलूप आहे. किल्ली कोणाकडे असते?"

सरांनी फोन ठेवला. किल्ली दारामागच्या खिळ्याला असायची. घरात माणसं दोनच.

आत बायको लोकरीचे कपडे पलंगावर पसरून बसली होती. निरोप समारंभात त्यांनी घातलेला कोट तिने उजेडाकडे धरला होता. खांद्यापाशी कसरीने चाळण केली होती.

"गोळ्या नव्हत्या घातल्या?"

"संपल्या असतील."

"मागच्याच महिन्यात पाकीट आणलंय मी."

"उडून जातात हो त्या. तुम्हीच सांगायचात ना?" तिने वर न बघता कोटाची घडी घातली.

सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपलीच विद्या आपल्यावर! ते तरातरा बाहेर आले. टाकी रिकामी केली, जेटमधून तार फिरवली, ताजं पेट्रोल ओतलं. डोक्यात एकच चाललं होतं. काचबिंदू, काचबिंदू! डॉक्टर म्हणाला, बाजूची नजर गेली ती परत यायची नाही, गाडी सोडा. डॉक्टर काय, सगळ्यांनाच घाबरवतात. मग शाळेजवळ एक मुलगी डावीकडून चाकापुढे आली. मागे बसलेली बायको किंचाळली, म्हणून ब्रेक लागला. मूल कुठून उगवलं कोण जाणे! त्या दिवसापासून ही मागे बसली नाही. रोज वाद घातला, रडली, मग एकदम गप्प झाली. तेव्हा त्यांना वाटलं होतं, सुटलो.

पहिल्याच किकेला स्कूटर सुरू झाली. किती दिवसांनी! सरांनी तिथल्या तिथे ठरवलं, आता थेट वाचनालय. त्यांनी हँडल डावीकडे, फाटकाच्या दिशेने वळवलं आणि गाडी सोडली.

"अहो!"

ब्रेक लागला. कप फुटल्याचा आवाज आला. त्यांनी पूर्ण मान वळवली तेव्हा कुठे ती दिसली, चाकापासून हातभर अंतरावर. चहा तिच्या पायावर सांडला होता.

"तू कधी आलीस?"

"केव्हाची उभी आहे. हाकही मारली. गाडीच्या आवाजात ऐकू आली नसेल."

त्यांनी स्कूटर बंद केली. तिच्या पायावर बादलीतलं पाणी ओतलं.

"सुरू झाली वाटतं," ती हळूच म्हणाली.

"हं."

ती पायाला मलम लावायला आत जाऊन बसली. सर तिच्या मागोमाग आले, पलंगावरचे स्वेटर बाजूला सारून त्यांनी खालचं डांबरगोळ्यांचं पाकीट काढलं. ती बघत राहिली. त्यांनी एक गोळी कोटाच्या खिशात टाकली, घडी नीट केली आणि पाकीट घेऊन बाहेर गेले.

उरलेल्या गोळ्या त्यांनी एकेक करून टाकीत सोडल्या. कुलूप लावलं, आत येऊन किल्ली खिळ्याला अडकवली.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही," सर म्हणाले. "पेट्रोलमध्ये कचरा येतोय."