चार मजल्यांचे मॉडेल

मित्रांनो, मी एक जुने मॉडेल आहे. इमारत उभी राहण्याआधी गिऱ्हाइकांना दाखवायला प्लायवूडचे आणि पुठ्ठ्याचे छोटे घर करून ठेवतात ना, तसे. तळमजला आणि वर चार मजले, एवढी माझी उंची. आता माझ्या गच्चीचा कठडा तुटला आहे आणि खिडक्यांचे कागद पिवळे पडले आहेत. पण एके काळी मला बघायला माणसे लांबून येत.

मला वटारच्या ॲन्सेल्मने घडवले. नाताळात येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे करण्यात गावात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. विरारला मनवेलपाड्यात जितेंद्रशेठ इमारत बांधायला निघाले होते. त्यांनी त्याला बोलावून सांगितले, "वर चार माळे दाखव. बाल्कन्या जरा मोठ्या काढ." ॲन्सेल्मने आगकाड्यांचे कठडे केले, स्पंजला हिरवा रंग देऊन झाडे लावली आणि माझ्या पोटात एक बारीक दिवा बसवला. १९९७ च्या दिवाळीत मी शेठच्या ऑफिसात काचेखाली जाऊन बसले. बाहेर जमिनीत तेव्हा नुसता पाया खणला होता. मला मात्र वाटे, इमारत तर झालीच आहे, मीच ती.

एका रविवारी सुहासिनी आणि जयवंत आले. जयवंत छापखान्यात कामाला, सुहासिनी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये. नालासोपाऱ्यात भाड्याच्या खोलीत राहत. घरमालक सांगेल तेव्हा खोली सोडावी लागे, आणि त्यापायी त्यांच्या मुलीने, उन्नतीने, दोनदा शाळा बदलली होती. शेठनी माझा दिवा लावला. जयवंत वाकला आणि माझ्या चौथ्या मजल्याच्या कोपऱ्यातली खिडकी बघत राहिला.

"इथे वारा चांगला येईल," तो म्हणाला.

सुहासिनीने विचारले, "शेठ, चारही मजले मंजूर आहेत?"

शेठनी हसून माझ्याकडे हात केला. "वहिनी, समोर तर दिसतंय सगळं."

"दिसतंय ते कळलं. मंजूर नकाशा बघायला मिळेल?"

शेठनी ड्रॉवरमधून एक झेरॉक्स काढून दिली. तिच्यावरचा शिक्का इतका काळा आला होता की अक्षर लागत नव्हते. सुहासिनी तो कागद उजेडाला धरून बघू लागली, तेव्हा जयवंत वैतागला. "तुला नकाशा वाचता येतो का?"

"नाही येत. म्हणून ज्यांना येतो त्यांच्याकडे जाते."

मी बुचकळ्यात पडले. मला रंग होता, झाडे होती, दिवासुद्धा होता. आणखी मंजूर काय व्हायचे राहिले होते?

पुढच्या वेळी ती दोघे आली, तेव्हा ऑफिसात रोझमेरी बसली होती. ती नर्स होती, अर्नाळ्याची. भावाच्या घरात बाहेरच्या खोलीत ती आणि तिची आई मॅग्डलीन राहत. आपल्या नावाचे एक दार असावे, एवढेच तिला हवे होते, आणि त्या दिवशी ती चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या करारावर सही करायला आली होती.

सुहासिनी उभ्यानेच बोलली. "मी परवानगी देणाऱ्या ऑफिसात जाऊन आले. तिथल्या बाईंनी नकाशा पुढ्यात ठेवून दाखवला. तळमजला आणि वर दोन. तिसरा नाही, चौथा नाही."

शेठ जराही गडबडले नाहीत. "बरोबर आहे. दोन पास आहेत. वरच्यांची फाईल फिरतेय. आपल्याकडे असंच चालतं, वहिनी. आधी बांधायचं, कागद मागाहून येतो."

"मग कागद आला की कळवा. तेव्हा आम्ही येऊ."

"तेव्हा आपल्याला परवडणार आहे का?" जयवंत तिला म्हणाला. "सगळे घेतायत. आपणच काय ते वेगळे?"

"उन्नतीला परत खोली सोडायची म्हटलं तर ती रडेल, ते मला माहीत आहे. पण उद्या कोणी येऊन म्हणालं, हे घरच नव्हतं, तर तिला काय सांगायचं?"

जयवंत बाहेर गेला. सुहासिनीने जाताना रोझमेरीच्या खांद्याला हात लावला. "ताई, सही करायच्या आधी एकदा स्वतः विचारून या."

माझ्या डोक्यात नुसता गुंता झाला. दोघे एकाच इमारतीविषयी बोलत होते. एकीची इमारत दोन मजल्यांवर संपत होती, दुसऱ्याची चारांवर. आणि मी तर समोर उभे होते. माझे मजले कोणीही मोजावेत.

रोझमेरीही गोंधळली होती. तिने शेठना दोनदा विचारले. "येतोय कागद, काळजी कशाला करता," ते म्हणाले. तेवढ्यात मॅग्डलीनने काचेला नाक लावले. "बाय, आत दिवा पन लागतो बघ."

रोझमेरीने माझ्याकडे पाहिले आणि सही केली. मला आनंद झाला. का झाला, ते आज मला सांगता येत नाही.

इमारत वर चढली. तिसरा मजला झाला, चौथ्याचा स्लॅब ओतला गेला. मग काम थांबवायची नोटीस आली, आणि काही महिन्यांनी हातोडे घेऊन माणसे आली. मी काचेच्या दारातून बघत होते. वरचे दोन मजले तुकड्या-तुकड्याने खाली येत होते आणि माझा साधा टवकाही उडत नव्हता. मग मी कोणाचे मॉडेल? शेठ ऑफिस बंद करून गेले. माझ्या तळमजल्यात पालीने अंडी घातली.

सुहासिनीने तोवर दोन गल्ल्या पलीकडे घर घेतले होते. पहिल्या मजल्यावरचे, बाल्कनी नसलेले. पण मंजूर नकाशा आणि राहायच्या परवानगीचा दाखला दोन्ही तपासून घेतलेले. पाडापाडीचे कळल्यावर ती आली. बंद ऑफिसच्या पायरीवर रोझमेरी बसली होती.

"तुम्ही सांगितलं होतं," रोझमेरी म्हणाली.

"ते राहू दे. करारनामा जवळ आहे ना?"

त्या दोघींनी वकील गाठला आणि ठाण्याच्या ग्राहक मंचात तक्रार घातली. जयवंतने ऑफिसच्या गाळ्याच्या मालकाला विचारून मला बाहेर काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि टेम्पोत मांडीवर घेऊन ठाण्याला नेले. वाटेत खड्डा आला की तो दोन्ही हातांनी माझे वरचे मजले धरून ठेवी.

मंचासमोर शेठ म्हणाले, "यांना सगळं आधीच सांगितलं होतं. दोनच मजले मंजूर आहेत म्हणून."

मंचावर बसलेल्या बाईंनी विचारले, "मग हे काय ठेवलं होतं?"

"ते नुसतं शोभेचं."

"बरं. यांना विकलेला फ्लॅट कुठे आहे, तेवढं दाखवा."

शेठनी वकिलाकडे पाहिले, मग जमिनीकडे. शेवटी त्यांनी बोट उचलले आणि माझ्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीवर ठेवले. दुसरीकडे ठेवायला त्यांना जागाच नव्हती.

पैसे परत देण्याचा हुकूम झाला. ते हप्त्याहप्त्याने, फार उशिरा आले. मग रोझमेरीने दुसरे घर बघितले. या वेळी परवानगीच्या ऑफिसात सुहासिनी सोबत होती आणि मॅग्डलीनही हट्टाने आली होती. नकाशाचे सगळे विचारून झाल्यावर म्हातारी म्हणाली, "पानी कधी येतं ते पन विचार."

रोझमेरीने ते घर घेतले, आणि आज मी तिथे तिच्या कपाटावर असते. मित्रांनो, मोठे व्हाल, पहिले घर बघायला जाल, तेव्हा कुठल्या तरी टेबलावर माझ्यासारखे कोणी तरी दिवा लावून बसलेले असेल. त्याचे कौतुक करा, झाडे बघा, खिडक्या मोजा. पण घर मंजूर आहे का, हे त्याला विचारू नका. उठून ऑफिसात जा, नकाशा मागा, समजेपर्यंत विचारा. आम्हाला ते माहीत नसते. मला तर ते कधीच माहीत नव्हते.